कलस्सैच्या वाटेवरील खारे झरे व त्यांतील मासळी

कलस्सैकरांस लिहिलेले पत्र आमच्या मंडळ्यांतून वारंवार वाचले जाते. परंतु तो गाव कोठे होता, त्याच्या आसपास डोंगर कसे, पाणी कसे, तेथील लोक मीठ कोठून आणीत, हे विचारणारा वाचक क्वचितच भेटतो. आज आम्ही त्या मिठाच्या ठिकाणाविषयी चार गोष्टी सांगणार आहो. आणि त्या मिठाच्या काठी राहणाऱ्या एका लहानशा माशाविषयी थोडे विस्ताराने बोलणार आहो. हा मासा पृथ्वीच्या पाठीवर त्या एका ठिकाणावाचून दुसरीकडे कोठेही नाही. तो आज नाहीसा होण्याच्या बेतास आला आहे; आणि ज्या कारणाने तो असा झाला त्यांतील एक कारण आमच्या गावच्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचलेले आहे. म्हणून हा विषय दूर देशाचा आहे असे समजून वाचकांनी पान उलटू नये.

हल्लीच्या तुर्कस्थान देशाच्या नैर्ऋत्य भागात देनिझली नावाचे शहर आहे. त्याच्या आसपासच लावदिकीया, हेरापली व कलस्सै ह्या तीन प्राचीन नगरांच्या जागा आहेत. पौलाने आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ह्या तिघांचा एकत्र उल्लेख केला आहे, तो एपफ्रासाच्या श्रमांविषयी सांगताना. कलस्सैहून पूर्वेस सुमारे ५० किलोमीटर गेले म्हणजे डोंगरांच्या मधोमध एक लांबट, उथळ सरोवर लागते. त्यास तुर्की भाषेत 'अजीगोल' म्हणतात. त्याचा अर्थ 'कडू तळे' असा होतो. हे प्राचीन काळीही प्रसिद्ध होते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने आपल्या सातव्या ग्रंथात झर्क्सीस राजाच्या स्वारीचा मार्ग दिला आहे. इ. स. पू. ४८१ च्या सुमारास ते सैन्य फ्रुगिया प्रांतातून जात असता आनावा नावाचा गाव व ज्यातून मीठ काढतात असे एक सरोवर ह्यांच्याजवळून पुढे कलस्सै नगरास गेले, असे तो सांगतो. ते सरोवर हेच, असे विद्वान मानितात. तेव्हा फिलेमोनाच्या घरी जे मीठ अन्नात पडे, ते कदाचित येथलेच असेल. पण हा आमचा तर्क आहे, कोणी पुरावा म्हणून धरू नये.

हे सरोवर समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. जमिनीचा एक लांब पट्टा दोन्ही बाजूंच्या डोंगरांमध्ये खचून खोलगट झाला, त्यात हे पाणी साठले आहे. आत पाणी येण्यास वाटा आहेत, बाहेर जाण्यास एकही नाही. सूर्य जेवढे ओढून नेईल तेवढेच. आता पाणी उडून जाते, परंतु त्याबरोबर आलेले क्षार उडून जात नाहीत. ते मागे राहतात. अशी हजारो वर्षे गेली म्हणजे तळ्याचे काय होते ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. लोणारासही बाहेर वाट नाही, तेथेही काठच्या उतारावर गोड्या पाण्याची धार पडते व खाली पाणी असे की त्यात मासा जगत नाही. अजीगोलचे क्षार मात्र निराळे आहेत. त्यात खावयाच्या मिठाबरोबर सोडियम सल्फेट फार आहे. ह्याच क्षारास पूर्वी युरोपातील वैद्य जुलाबासाठी देत. आज तो साबणाची पूड, कागद व काच करण्याच्या कामी लागतो. तळ्याच्या काठी बांध घालून, पाणी आटवून तो काढण्याचे मोठे धंदे तेथे चालतात व पुष्कळ कुटुंबांची भाकर त्यावर आहे.

ह्या तळ्याच्या भर पाण्यात मासा राहत नाही. मग मासा आहे तो कोठे? डोंगरांवर पडलेला पाऊस व वितळलेले बर्फ खडकांच्या भेगांतून खोल उतरते. आणि जेथे जमीन खचली आहे त्या भेगेच्या रेषेवर, डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याच्या अगदी कडेला ते पुन्हा वर उमाळ्यांच्या रूपाने येते. वाटेत ते खडकांतील क्षार घेऊन येते, म्हणून ते पाणी मचूळ असते. प्रत्येक उमाळ्यापाशी एखादे लहान डबके होते, त्याच्या कडेने लव्हाळे माजते, आणि त्यातून हाताभर रुंदीचा ओघळ तळ्याकडे वाहू लागतो. उमाळ्याच्या तोंडाशी पाणी थोडे खारट. दहा पावले पुढे अधिक खारट. आणि जेथे तो ओघळ पांढऱ्या चिखलात शिरतो तेथे जिभेस लावता येणार नाही असे. जेथे पाणी अजून सोसण्याजोगे आहे तो अरुंद पट्टा, हेच त्या माशाचे सर्व जग होय. याकोबाच्या पत्रात झऱ्याचा जो दृष्टान्त आहे तो शिकवताना कोणी विद्यार्थी हा दाखला पुढे करील, तर त्यास सांगावे की येथेही एका तोंडातून एकच पाणी निघते. बदलते ते पुढे, वाटेत.

आता त्या माशाविषयी. तो लांबीने चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीएवढा. ओढ्यात पोरे फडक्याने जी बारीक मासळी धरतात तीत हा टाकला तर कोणी त्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही. नराच्या अंगावर उभे पट्टे असतात. मादी त्याच्याहून फिकी व जरा मोठी. पाणकिडे, अळ्या, शेवाळाबरोबर जे सापडेल ते खाऊन तो राहतो, आणि मादी आपली अंडी पाणवनस्पतींस थोडी थोडी चिकटवून ठेवते. त्याच्या अंगावरील खवले इतर माशांप्रमाणे सरळ रांगांनी पूर्ण भरलेले नसून विरळ व अपुरे असतात. आणि शास्त्रज्ञांचे लक्ष त्याच्याकडे प्रथम वेधले ते ह्याच कारणाने. कुर्ट कॉस्विग नावाचे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ नाझी राजवटीपासून दूर होऊन १९३७ साली इस्तंबूलच्या विद्यापीठात आले. त्यांनी व त्यांच्या तुर्की सहकाऱ्यांनी अनातोलियाची खारी तळी पायांखाली घातली. ह्या माशाचे शास्त्रीय वर्णन एर्मिन ह्या तुर्की संशोधकाने १९४६ साली प्रसिद्ध केले व त्यास 'ट्रान्सग्रेडिएन्स' असे लॅटिन नाव दिले. ह्याचा अर्थ 'ओलांडून जाणारा' असा आहे. पुष्कळ वर्षे त्याची गणना 'अफानियस' गोत्रात होत असे; २०२० साली त्या कुळाची फेरमांडणी झाली, तेव्हापासून त्यास 'अनातोलिक्थिस', म्हणजे अनातोलियाचा मासा, असे म्हणतात. करंगळीएवढ्या जिवास एवढी लांब नावे कशास, असे आमच्या एका वाचकाने विचारल्यास आमच्यापाशी उत्तर नाही. पण ज्यास नाव नाही त्याची मोजदाद कोणी करीत नाही, आणि मोजदाद नाही त्याचे नाहीसे होणेही कोणास कळत नाही, एवढे खरे.

मिठात मासा जगतो कसा, हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि तो वर्गात समजावण्यास सोपा आहे. कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवले म्हणजे थोड्या वेळाने त्यांस पाणी सुटते. उलट सुके मनुके साध्या पाण्यात टाकले म्हणजे ते फुगतात. पातळ पडद्याच्या ज्या बाजूस क्षार अधिक, त्या बाजूस पाणी ओढले जाते, हा त्यातला नियम. माशाचे कल्ले हा असाच पातळ पडदा होय. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात बाहेरचे पाणी सारखे शिरत राहते, म्हणून त्यास ते मूत्रावाटे सतत बाहेर टाकावे लागते. खाऱ्या पाण्यातील माशाच्या अंगातले पाणी कैरीच्या फोडीप्रमाणे बाहेर ओढले जाते. तो भर पाण्यात असूनही तहानेला असतो. म्हणून तो खारे पाणीच पितो, आणि त्यातील जास्तीचे मीठ कल्ल्यांतील विशेष पेशींच्या द्वारे बाहेर फेकतो. बहुतेक माशांस ह्या दोहोंपैकी एकच विद्या येते. नदीचा मासा समुद्रात टाकला तर सुकून मरतो, समुद्राचा नदीत टाकला तर फुगून मरतो. परंतु ह्या लहान माशाच्या कुळास दोन्ही विद्या येतात. पाऊस पडून डबके गोडे झाले तरी तो राहतो, उन्हाळ्यात पाणी आटून खारे झाले तरी राहतो. शिक्षकांनी एका वाटीत मिठाचे दाट पाणी व दुसऱ्या वाटीत साधे पाणी घेऊन दोहोंत काकडीची एक एक पातळ चकती तासभर ठेवावी. मग मुलांच्या हाती देऊन वाकवून पाहावयास सांगावे. ह्याहून चांगला पाठ छापील पानातून देता येणार नाही.

ह्या कुळाचे भाऊबंद भूमध्य समुद्राच्या काठापासून इराणपर्यंत पसरले आहेत, आणि त्यांतील एक जात आपल्या देशातील कच्छच्या खाऱ्या पाण्यापर्यंत आली आहे. परंतु अनातोलियाच्या डोंगराळ प्रदेशात एक एक तळे एका एका खोलगटात अडकून पडले, एकाचे पाणी दुसऱ्यास मिळेना. तसे मासेही अलग पडले, व पुष्कळ पिढ्यांनी प्रत्येक तळ्याचा मासा निराळा झाला. बुर्दूर तळ्याचा निराळा, साल्दा तळ्याचा निराळा, अजीगोलचा निराळा. गोल्जुक नावाच्या एका लहान तळ्यातही असाच एक सुंदर मासा होता. त्या तळ्यात बाहेरचे मोठे मासे आणून सोडण्यात आले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस तो तेथून गेला तो गेलाच. साऱ्या गावास एकच विहीर असली व तीत कोणी विष टाकले, तर शेजारच्या गावच्या विहिरीचा काय उपयोग?

अजीगोलच्या माशास जागतिक निसर्ग संरक्षण संघाने 'अत्यंत संकटग्रस्त' ठरविले आहे. त्याची कारणे दोन-तीन आहेत. शेतीसाठी जमिनीखालचे पाणी उपसल्याने व पाऊस कमी झाल्याने झऱ्यांचे पाणी घटते. झरा आटला की त्यातील मासळीस पळून जाण्यास जागा नाही, कारण एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस मीठ. हे कारण कोणासही समजेल. आम्ही अधिक विस्ताराने सांगणार आहो ते दुसरे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात गँबुशिया नावाचा एक लहान मासा आहे. डासांच्या अळ्या खाणारा म्हणून त्याची कीर्ती झाली. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे हिवतापाचा डासाशी संबंध उघड केल्यावर जगभर डासांशी युद्ध सुरू झाले, आणि त्या युद्धात हा मासा शिपाई म्हणून भरती झाला. १९०५ साली तो हवाई बेटांत नेला, १९२१ साली स्पेन देशात, तेथून इटलीत, आणि १९२८ साली इटलीहून आपल्या हिंदुस्थानात आणला. ज्यांनी हे केले त्यांस आम्ही दोष देत नाही. हिवतापाने ज्या घरातून एका पावसाळ्यात दोन तिरड्या निघाल्या आहेत, त्या घरच्यांस माशांची निवड शिकवू पाहणे हे आम्हास शोभणार नाही. ज्यांच्या हाती औषध नव्हते त्यांनी जे हाती आले ते घेतले.

परंतु शिपाई आपल्या कामापुरताच राहिला नाही. हा मासा केवळ डासांच्या अळ्या खात नाही; दुसऱ्या माशांची अंडी व नुकती जन्मलेली पिलेही खातो, आणि आपल्याएवढ्या माशांचे पर कुरतडून त्यांस बेजार करतो. त्याची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिले देते, एका वेळेस वीस-तीस व कधी त्याहून पुष्कळ अधिक. आणि असे एका उन्हाळ्यात अनेकदा. नराशी एकदा संयोग झाला म्हणजे त्याचे बीज ती पुढील वेतांसाठीही राखून ठेवते. म्हणजे नवे तळे भरण्यास एक गाभण मादी पुरे. इकडे आमचा खाऱ्या झऱ्याचा मासा दोन-चार अंडी शेवाळास चिकटवणार, आणि ती उबण्यापूर्वीच गँबुशियाच्या तोंडी जाणार. २००० साली शास्त्रज्ञांनी जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची जी यादी केली, तीत ह्या डासखाऊ माशाचे नाव आहे. अजीगोलच्या झऱ्यांतही तो शिरला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गँबुशिया मचूळ पाणी सोसतो, पण पाणी फार खारे झाले म्हणजे त्याचा जोर ओसरतो. भूमध्य समुद्राकाठच्या एका भाऊबंद माशावर केलेले प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दिसले की गोड्या पाण्यात गँबुशिया त्यास हाणमार करतो व भक्ष्य आधी पटकावतो. परंतु पाण्यात मीठ वाढवले की त्याचा आडदांडपणा व शिकार दोन्ही कमी होतात, तर त्या देशी माशास काही फरक पडत नाही. स्पेनमध्येही असेच घडले आहे. तेथील ह्याच कुळाचा मासा गोड्या व मचूळ पाण्यांतून हटत हटत आता बहुतेक खाऱ्या दलदलींतच उरला आहे. यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातील पाण्याचा दृष्टान्त वाचताना, काही दलदली गोड्या न होता मिठासाठीच राखल्या जातील हे वचन का, असा प्रश्न आम्हास पूर्वी पडत असे. त्याचा अर्थ टीकाकारांनी सांगावा. आम्ही एवढेच पाहतो की ज्या खारटपणास आम्ही नापीक म्हणून नाक मुरडतो, तो काही जिवांचा एकमेव कोट आहे. तो कोटही मोठा नाही. फार पुढे सरकावे तर मीठच मारील. मागे राहावे तर गँबुशिया आहे.

आता आमच्या गावांकडे वळतो. महाराष्ट्रात डासांसाठी हौद, विहिरी व डबकी ह्यांत 'गप्पी मासे' सोडण्याची चाल आहे, आणि सरकारी हिवताप-निवारणाच्या कामात गप्पी व गँबुशिया हे दोन्ही वापरले जातात. गप्पी हाही परकाच, दक्षिण अमेरिकेचा. तोही जिवंत पिले देतो व फार लवकर वाढतो. आरोग्य सेवक गावात येऊन बरणीतून मासे देतात, तेव्हा त्यांचे काम हाणून पाडावे असे आम्ही मुळीच सांगत नाही. त्यांस साह्य करावे. पण मासे कोठे सोडावयाचे व कोठे नाही ह्याचा विवेक करावा. सिमेंटचा हौद, गुरांच्या पाण्याची टाकी, ज्याचे पाणी बाहेर वाहून जात नाही अशी बांधीव विहीर, ह्यांत ते सोडल्यास हानी थोडी. ओढा, नदीचा डोह, देवराईतला किंवा डोंगरातला झरा, गावतळे, ह्यांत कधीही सोडू नयेत. आम्ही एका गावी पाहिले की हौदाचे तोंड ओढ्याकडे होते. पहिल्या मोठ्या पावसात हौद भरून वाहिला, आणि दोन वर्षांत ओढ्यातल्या डबक्याडबक्यांत गप्पीच गप्पी झाले. पोरे आनंदली, पण पूर्वी ज्या मासळीची आमटी होत असे ती कोठे गेली, असे म्हाताऱ्या बाया विचारीत होत्या.

शिवाय आमच्या पाण्यात देशी शिपाईही आहेत. कोकणातील पाटांत, भातखाचरांत व तळ्यांत पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी फिरणारा एक बारीक मासा असतो, ज्याच्या डोक्यावर चकाकणारा पांढरा ठिपका दिसतो. तो डासांच्या अळ्या आवडीने खातो. कच्छपर्यंत आलेल्या ज्या भाऊबंदाचा वर उल्लेख केला, त्याच्याच कुळातील माशाचा उपयोग आफ्रिकेतील जिबुती येथे हौद-विहिरींतील डासांवर करून पाहण्यात आला आहे. तेव्हा जेथे मासा हवा तेथे त्याच ओढ्यातील मासा धरून घालता येतो काय, हे आधी पाहावे. आणि जेथे आठवड्यातून एक दिवस भांडी, रांजण, टाक्या पालथ्या घालून कोरड्या करता येतात, तेथे कोणत्याच माशाची गरज नाही. कारण डासाच्या अंड्याचा डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात.

उपदेशक बंधूंनी व शाळामास्तरांनी एवढे करावे अशी आमची विनंती आहे. पाऊस ओसरल्यावर एखाद्या शनिवारी मुलांस घेऊन गावच्या ओढ्यावर जावे, पांढऱ्या फडक्याने मासळी धरावी, काचेच्या बरणीत घालून नीट पाहावी व पुन्हा त्याच जागी सोडून द्यावी. किती प्रकारची मिळाली, तिची गावातली नावे काय, म्हाताऱ्या माणसांस ठाऊक असलेली कोणती आता मिळत नाही, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. नावे गावोगाव निराळी असतात, म्हणून माशाचे चित्र काढून त्याखाली नाव लिहिणे बरे. बरणीचे पाणी परत ओतताना मात्र दुसऱ्या ओढ्यात ओतू नये.